लेकीचं दहावं

५ जानेवारी २०२५, रविवार

साकेतला कावळा थ्रीडीत हवाय!

दोन तास डोकं फोडलं त्याच्यापुढे. म्हणे, मागे एलईडीची भिंत लावू, कावळा झेप घेत प्रेक्षकांच्या अंगावर येईल, लोक किंचाळतील, मॅडम! अरे, पण कावळा येतच नाही, हीच तर गोष्ट आहे ना! पिंड ठेवलाय, सगळा गाव वाट बघतोय आणि कावळा शिवत नाही — कारण जिचं दहावं चाललंय ती पोरगी जिवंत आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रजी नाटकात मी माझ्या पदरचं काही घातलं असेल तर तो हा न येणारा कावळा. नेमका तोच याला यायला हवाय.

"मग निदान काव काव तरी?" — जाताना, चपला शोधत.

नाही. तेही नाही.

चौदा वर्षांपूर्वी हा माझ्या तासाला शेवटच्या बाकावर झोपायचा. आता दिग्दर्शक आहे. तीन शॉर्टफिल्म, दोन जाहिराती. आणि मी चोपन्नाव्या वर्षी पहिलं नाटक लिहितेय. म्हणजे शब्द त्याचाच चालणार.

८ जानेवारी

आज कोपर गावात, तालमीच्या हॉलवर, सगळ्यांसमोर गोष्ट सांगितली. एकदा काय ते सगळ्यांना कळू दे, म्हटलं.

एका बंदराचा ड्यूक. त्याची मुलगी एका नावाड्याशी लग्न करते. ड्यूक जाहीर करतो, मुलगी मेली, आणि थाटामाटात रिकामी शवपेटी पुरतो. भाड्याने रडायला आणलेल्या बायकांत ती मुलगी बुरखा घेऊन घुसते आणि स्वतःच्याच मयतावर रडते. शेवटच्या अंकात बुरखा काढते. दाई ओळखते, नोकर ओळखतात, कुत्रासुद्धा ओळखतो. ड्यूक तिच्या तोंडाकडे नीट बघतो आणि म्हणतो, "मी हिला ओळखत नाही." पडदा.

लिहिणाऱ्याचं नावही टिकलं नाही. एम.ए.ला असताना लायब्ररीत सापडलेलं, पानं सुटलेलं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. माझ्या नाटकात ड्यूकचा मिठागरांचा मालक झालाय, बंदराची आपली खाडी, मुलीचं नाव शेवंती, आणि शवपेटीच्या जागी दहावं.

मालकाचं काम गोविंदाशेठ करतायत. तालमीचा हॉलही त्यांचाच — त्यांच्या इमारतीचा तळमजला. वय सदुसष्ट. वडील मिठागरावर राबले. यांच्या काळात त्याच जमिनींवर टॉवर उभे राहिले. तरुणपणी गावच्या जत्रेत राजे करायचे. आवाज असा, की हॉलच्या काचा थरथरतात.

गोष्ट संपली. मी वाट बघत होते, निदान "छान" तरी म्हणतील.

गोविंदाशेठ म्हणाले, "चा आना रे."

१२ जानेवारी

तुळसाबाईंनी आज माझी चार वर्षांची मेहनत पाच मिनिटांत मोडीत काढली.

कोपरच्याच आहेत. लग्नांत धवला गातात — विधी चालू असताना म्हणायची ती लांबलचक गाणी. नाटकात रडणाऱ्या बायकांची म्होरकी. त्यांना वाचता येत नाही, म्हणून शेवंतीचं काम करणारी मुलगी, कादंबरी, त्यांना संवाद वाचून दाखवत होती. माझं आवडतं वाक्य आलं — "काळजाच्या तुकड्याला मी तिलांजली दिली."

तुळसाबाई खुदकन हसल्या. "बाई, ह्ये कोन बोलतं?"

"शेवंतीचे वडील."

"मिठावरचा मानूस आसा बोलत नाय."

"मग कसा बोलतो?"

"बोलतच नाय. घमेला उचलतं आनि चालाय लागतं."

सगळी पोरं हसली. साकेत सगळ्यांत मोठ्याने. मीही हसले, वरवर. रिक्षात बसल्यावर डोळ्यांतून पाणीच आलं. बावीस वर्षं भाषा शिकवतेय मी!

१३ जानेवारी

पहिला अंक परत वाचला. तुळसाबाईंचं खरं आहे. त्यामुळे जास्तच राग आला.

१९ जानेवारी

आठवडाभर फक्त खोडतेय. मालकाची भाषणं सगळी गेली. जिथे अर्धं पान होतं तिथे दोन शब्द राहिले. कॉलेजचे पेपर तसेच पडलेत, पोळ्यांच्या बाईंना दोनदा तसंच परत पाठवलं — पीठ दळून आणायचंच विसरले.

पण आज गोविंदाशेठ उभे राहिले आणि मला माझंच नाटक दिसलं. दहाव्याचा प्रसंग. पिंडाकडे बघतायत. एक शब्द नाही. नुसते हात मागे बांधून उभे, आणि बोटं एकमेकांत अशी पिळतायत की बघवत नाही! कादंबरी पदर बाजूला करते. सगळे मागे सरकतात. आता ते वाक्य —

गोविंदाशेठनी घड्याळ बघितलं. "चला, जेवाला चला."

मला वाटलं, विसरले.

२६ जानेवारी

विसरत नाहीयेत. बोलत नाहीयेत!

आज चार वेळा तो प्रसंग घेतला. पहिल्यांदा खोकले. दुसऱ्यांदा म्हणाले, फोन येतोय. तिसऱ्यांदा, "म्याडम, ह्ये वाक्य जरा पुढं घेवया." चौथ्यांदा सरळ खुर्चीत जाऊन बसले. सबंध नाटक पाठ आहे त्यांना, कादंबरीचे संवादसुद्धा. आणि चार शब्द येत नाहीत!

त्यात साकेतला संधीच मिळाली. "मॅडम, मी म्हणतच होतो. आजच्या ऑडियन्सला क्लोजर लागतं. बाप मिठी मारतो, मागे स्लो म्युझिक, कट. चार कॅमेरे लावून शूट करू, मग हेच स्क्रीनवरसुद्धा जाईल. तुमच्या शेवटावर लोक चॅनेल बदलतील."

मी म्हटलं, नाट्यगृहात चॅनेल नसतं.

"म्हणूनच कोणी येत नाही."

हे बरोबर बोलला, मेला.

२ फेब्रुवारी

भांडण झालं. व्हायचंच होतं.

मी सगळ्यांदेखत म्हटलं, "गोविंदाशेठ, नाट्यस्पर्धेला महिना राहिलाय. हे वाक्य नसेल तर नाटकच नाही. चार शब्द आहेत फक्त." त्यांचा मुलगा मयूर कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला. त्याने मान वर केली.

"मी नाय बोलनार."

"का पण?"

"कोन बापूस आसा बोलतं का? लोक जोडा मारतील."

"म्हणून तर लिहिलंय! मारू देत ना!"

"हॉल माजा हाय," ते म्हणाले. हळूच म्हणाले. "मना शिकवू नको."

मला एकेरीत! तालीम तिथेच मोडली. मयूर मागून गेटपर्यंत आला — "मॅडम, मनावर घेऊ नका, बीपी आहे त्यांना." बीपी मलाही आहे म्हटलं.

सरळ सांगायचं तर मला नट बदलायचाय. पण त्यांच्यासारखा दुसरा मिळणार नाही. आणि हॉलही.

३ फेब्रुवारी

तुळसाबाई सकाळी घरी आल्या. पत्ता कुठून काढला कोण जाणे. कोपरहून पूल चालत ओलांडून आल्या. चहा घेतला नाही. बसल्याही नाहीत आधी.

"बाई, शेठला त्या वाक्यावरनं बोलू नको."

"तुम्हीही त्यांचीच बाजू घ्या."

"बाजू नाय. आयक."

मग बसल्या. सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

गोविंदाशेठना मुलगी आहे, भावना. मयूरहून मोठी. सात वर्षांपूर्वी रस्त्याकडेच्या जमिनीचे कागद निघाले, अशा वेळी बहिणींनी हक्कसोडीवर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करायची असते — सगळ्यांच्या घरी करतात. गोविंदाशेठच्या तिन्ही बहिणींनी केली. भावनाने केली नाही. त्या दिवसापासून तिचं नाव घरात कोणी काढत नाही. गावात कोणी विचारलं तर शेठ सांगतात, माझी मुलगी वारली.

"मयूरच्या लग्नात मी धवला गात व्हते. पोर दारात आली. हातात आहेराचा ताट. तिकरून कोनीतरी पावना इचारतं, ही कोन? शेठ बगतं तिच्या तोंडाकरं. बोलतं — मी इला नाय वलखत." तुळसाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "माजा गाना तितंच तुटला. लगनात धवला तुटू नये, बाई."

मी त्यांचा गार झालेला चहा उचलून ओट्यावर ठेवला.

"जे खरंच बोललंय, ते स्टेजवर कशाला बोलंल तो?"

४ फेब्रुवारी

चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी वाक्य. शब्दाला शब्द तेच. मिठागराच्या मालकाला ते मी शिकवत होते!

९ फेब्रुवारी

जायला नको होतं कदाचित. पण गेले. ठाण्याला, कोपरीत — कोपर नव्हे, कोपरी. भावनाचं फिजिओथेरपीचं छोटंसं क्लिनिक आहे, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. चाळिशीची असेल. बापाचेच डोळे. एका आजोबांचा गुडघा हलवत होती. ते जाईपर्यंत मी बाकावर.

"मी मंदाकिनी. डोंबिवलीला कॉलेजात शिकवते. तुझ्या वडिलांबरोबर नाटक करतेय."

"कुठला रोल त्यांचा?"

"बापाचा."

हसली. "जमतंय का?"

मग मी गोष्ट सांगितली. सगळी, शेवटासकट. ती टॉवेलच्या घड्या घालत होती — घालायची, मोडायची, परत घालायची.

"मला जमीन नको होती, मॅडम," म्हणाली. "आजही नकोय. मयूरने कागद पुढे केला, बोट ठेवलं — इथे कर. मी म्हटलं, वाचू दे. एवढंच. वाचू दे. बाबांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. बोलले, बापावर भरोसा नाय? मग मीही पेटले. म्हटलं, आता तर करतच नाही."

"इतक्यासाठी सात वर्षं?"

"त्यांनी एकदा विचारलं असतं ना, भावना, देतेस का? तर न वाचता केली असती."

दोन पास ठेवून आले. ९ मार्चचे. येणार नाही म्हणाली. पास मात्र परत दिले नाहीत.

१२ फेब्रुवारी

बारावीच्या पेपरवर तीन तास सुपरव्हिजन. पाय दुखतायत. एका मुलीने पुरवणी मागताना मला "आई" म्हटलं आणि लाजून लाल झाली.

१६ फेब्रुवारी

वर्तकनगरला, सलिलकडे. वहिनीने शिरा केलेला. माझा धाकटा भाऊ, चांगला माणूस. दर भाऊबीजेला साडी, दर दुखण्याला फोन.

बाबा गेल्यानंतर, याच टेबलावर, माझ्यापुढे तसलाच कागद. नऊ वर्षं झाली. "ताई, इथे, आणि इथे." तेव्हाही शिराच होता. मी सही केली आणि म्हटलं, वेलदोडा छान लागतोय.

आज सहज विचारलं, "सलिल, तेव्हा मी म्हटलं असतं, थांब, वाचू दे — तर?"

त्याला आधी कळलंच नाही. मग हसला. "तू? तू कशाला म्हणशील?"

"पण म्हटलं असतं तर?"

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. सलिल हसायचा थांबला. "ताई, काही हवंय का तुला?" — अशा आवाजात, की मी घाईने शिरा वाढून घेतला.

आमच्यात आरडाओरडा होत नाही, दारात कोणी कुणाला नाकारत नाही. एवढाच काय तो फरक. की ती वेळच येऊ देत नाही आम्ही बायका?

२३ फेब्रुवारी

आज गोविंदाशेठना बाजूला घेऊन म्हटलं, "नका बोलू ते वाक्य. मी दुसरं काहीतरी बघते." भावनाकडे गेल्याचं सांगितलं नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. "का? कोनी काय सांगितला?"

"नाही. तुम्हाला त्रास होतोय."

"मना कसला तरास?"

आणि प्रसंग लागल्यावर बोलले! कादंबरीने पदर काढला, आणि हा माणूस दोन पावलं पुढे आला, तिच्या तोंडाकडे पाहिलं — अगदी नीट, कपाळ, डोळे, हनुवटी — आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाला, "मी इला नाय वलखत."

कादंबरी खरोखर रडायला लागली. साकेत उठून उभा राहिला. तुळसाबाई हॉलबाहेर निघून गेल्या.

हेच हवं होतं मला. महिनाभर यासाठीच ओरडत होते. मग घरी येऊन जेवण का गेलं नाही?

२ मार्च

साकेतची शेवटपर्यंत कटकट. कावळा गेला एकदाचा, पण चार कॅमेरे राहिले. एक तर स्टेजच्या पुढ्यात, खाली, गोविंदाशेठच्या चेहऱ्यावर रोखलेला. "स्क्रीनसाठी क्लोज लागतो, मॅडम." त्याला शेवट अजूनही पटलेला नाही. मी म्हटलं, पडदा पडेपर्यंत तुझा एक शब्द ऐकणार नाही.

तालीम सुटताना मयूर आला. शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून.

"मॅडम, ताईला पास दिला का तुम्ही?"

"का रे?"

"कोपरीतनं कोणीतरी बोललं. चांगलं केलंत." आणि खरंच चांगलं वाटल्यासारखा हसला. "कुठल्या रांगेत आहे?"

"तिसऱ्या. बाबांना सांगू नकोस पण."

"नाय नाय."

बरं वाटलं. भाऊ म्हणून काहीतरी आतून हललं असेल त्याच्या.

८ मार्च

घसा बसलाय. मी काही बोलणार नाहीये स्टेजवर, तरीही.

१० मार्च, सोमवार

काल प्रयोग झाला. सकाळपासून वही उघडून बसलेय. क्रमाने लिहिते.

दुपारचा स्लॉट. डोंबिवलीचं नाट्यगृह निम्मं भरलेलं — स्पर्धेला एवढंही खूप. गोविंदाशेठच्या गावची मंडळी दोन रांगा भरून. परीक्षक पाचव्या रांगेत. तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक खुर्ची रिकामी. मी विंगेतून तीच बघत होते. दुसरा अंक सुरू झाला आणि कोणीतरी वाकून येऊन बसलं. भावना.

नाटक उत्तम चाललेलं. तुळसाबाईंनी रडण्याचा प्रसंग असा केला की पुढच्या बायकांनी खरोखर पदर डोळ्यांना लावले. दहावं आलं. पिंड. कावळा नाही. सबंध नाट्यगृह वर बघत होतं, छताकडे! मी साकेतचा हात दाबला. तो पुटपुटला, "मानलं, मॅडम."

कादंबरीने पदर काढला. सगळे मागे सरकले. गोविंदाशेठ पुढे आले. तिच्या तोंडाकडे बघितलं. आणि मग — मान वळवली. प्रेक्षकांकडे. तिसऱ्या रांगेकडे.

मी मनात म्हटलं, बोला. बोला हो.

"भावना," म्हणाले.

कादंबरी गोंधळली. इथे नाव घ्यायचंच नव्हतं ना!

"भावना. माजी पोर." आवाज पार फुटला. स्टेजच्या कडेपर्यंत आले, तिथून दोन्ही हात पुढे. "माजी पोर जिती हाय!"

एक क्षण कोणालाच काही कळलं नाही. मग गावची माणसं उठून उभी राहिली, कोणीतरी ओरडलं, "शेठ!", आणि सगळं नाट्यगृह उठलं. भावना खुर्चीला धरून उभी. मयूर — तो कधी आला आत? — तिच्या मागे, तिच्या खांद्यावर हात. तिला पुढे आणलं त्याने. गोविंदाशेठ वाकले, खाली उभ्या असलेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. दोघंही रडत होते. पडदा ओढायचा कोणाला भानच नाही.

माझं नाटक मोडलं! शेवट मोडला, एका वाक्यावर उभं केलेलं सगळं. साकेतचीच मिठी झाली शेवटी, म्युझिक तेवढं नव्हतं. मला ओरडायचं होतं. आणि मी विंगेत उभी राहून हमसून हमसून रडत होते.

मेकअपच्या खोलीत ही गर्दी. गोविंदाशेठना नीट भेटताच आलं नाही. मयूरने लगेच गाडीत बसवलं त्यांना, बीपी वाढलं म्हणून. भावना बाहेर पायऱ्यांवर एकटी उभी होती, चेहरा धुतल्यासारखा. मला म्हणाली, "मॅडम, सात वर्षांनी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं."

तिला मिठी मारली. दुसरं काय करणार.

१३ मार्च

साकेतने तेवढाच तुकडा टाकलाय. एक मिनिट दहा सेकंद. तीन दिवसांत साडेचार लाख लोकांनी बघितला! स्टाफरूममध्ये, भाजीवाल्याकडे, सोसायटीच्या ग्रुपवर — तेच. "नाटकात बापाला सापडली खरी लेक." खाली बदामांचा पाऊस. कोणीतरी लिहिलंय, असा बाप सगळ्यांना मिळो. कोणी, ताई, आता तरी बापाचं मन जप.

नाटक कोणतं, लिहिलं कोणी, एका अक्षराने नाही. राग यायला हवा. येतोय थोडा.

तुळसाबाईंना फोन केला. म्हटलं, बघितलंत ना? त्या म्हणाल्या, "बगितला." मग म्हणाल्या, "पोर घरी आली का पन?"

म्हटलं, येईल हो. वेळ लागतो.

१६ मार्च

निकाल. गोविंदाशेठना अभिनयाचं पहिलं. नाटक दुसरं, पुढच्या फेरीत! परीक्षक म्हणाले, "लेखिकेने मूळ नाटकाचा क्रूर शेवट नाकारून त्याला आजचा, माणुसकीचा शेवट दिला, हे धाडस." मी मान खाली घालून ऐकलं. काय सांगणार, की लेखिका त्या शेवटासाठी दोन महिने भांडत होती?

घरी येऊन संहिता काढली. शेवटच्या पानावरचं ते वाक्य खोडलं. लाल पेनाने, एकच रेघ. तीस वर्षं जपलेलं. त्या जागी गोविंदाशेठचं लिहिलं.

हरलेच म्हणायचं. पण आज पहिल्यांदा शांत वाटतंय. पुस्तकातला बाप चारशे वर्षं तिथेच उभा राहिला. कोपरचा एक पाऊल पुढे आला. मी कोण त्याला अडवणार?

२४ मार्च, सोमवार

भावना कॉलेजवर आली होती. गेटपाशी थांबलेली, आत आली नाही.

शुक्रवारी हक्कसोडीवर सही केली तिने. मयूर कागद घेऊन कोपरीला आला, आधी मोबाइलवर ती क्लिप दाखवली. म्हणाला, ताई, सगळ्या गावाने बघितलंय, आता तू नाही म्हणणार? ती कुठल्या रांगेत बसणार, ते त्याला मीच सांगितलं होतं.

"वाचलेस का?" मी विचारलं.

"नाही."

रजिस्ट्रेशनच्या ऑफिसबाहेर गाडी उभी होती. बाबा आत, मागच्या सीटवर. सही करून बाहेर आल्यावर ती काचेपाशी गेली, टकटक केलं.

"मी वाकून बघत होते, मॅडम. ते समोर बघत होते. मग मयूरने गाडी काढली."